आईचा फोन घासूनपुसून दिला

...आणि मला विचारलं का कुणी? नाही! तुम्हाला सांगते, आमच्या पोशीर गावात फोन पोरीचा असला तरी निवडणार कोण? तर सुनीलकाका! का? तर त्यांचा हरेश अमेरिकेत असतो! "दादा, तिकडं समदे आयफोनच वापरतात. त्यात समदं आपोआप येतं. तुजी संजना आई गेल्यापासनं हसली नाय, घेऊन टाक!" अहो काका, अमेरिकेचा बाजार वेगळा, आपला वेगळा, इथे नेरळपासून कर्जतपर्यंत ज्याच्या त्याच्या हातात अँड्रॉइड, चार्जर कुणाचाही चालतो, बिघडला तर नाक्यावर दुरुस्त होतो, मी बी.कॉम. झालेय, एवढं कळतं मला... पण मला विचारलं का कुणी?

पपा कर्जतला गेले आणि नव्याच्या बदल्यात जुना देऊन आले. जुना कुठला? आईचा! काचेला तडा गेलेला अँड्रॉइड. आई गावातल्या हळदीला गाणी म्हणायची हो, ती सगळी तिने त्यातच भरून ठेवलेली. मध्येच खोकायची, "थांब गं, परत म्हनते" म्हणायची... तेसुद्धा त्यात. घरात तिचा आवाज तेवढाच उरला होता. तो देऊन टाकताना तरी, मला विचारलं का कुणी?

मिळेल त्या गाडीने कर्जतचं दुकान गाठलं. दुकानदार म्हणतो, "ताई, मी म्हटलं, बॅकअप घेऊ का? तर तुमचे पपा म्हणाले, नको रं, नव्यात समदं आपोआप येतं. ह्यो तेवडा पार पुसून घे. आमी शेजाऱ्याचा डबा बी घासून देतो! मग मी पुसून टाकला, ताई."

घासून देतो, पपा, पण रिकामा देतो का? चिमूटभर साखर तरी घालतो ना!

तणतणत घरी आले. म्हटलं, आज सोडायचंच नाही! तर पपा ओटीवर बसलेले, इस्त्रीचा शर्ट घालून, नवा फोन टॉवेलात धरून. "आलीस? लाव गं यात आईचं गानं. तू अंगोळीला गेलीस की मी बी ऐकायचो... रोज."

रोज! आणि मला पत्ताच नाही.

तोंडाशी आलेलं सगळं गिळलं. म्हटलं, "पपा, त्यातली गाणी यात नाही चालत. कंपनीच वेगळी ना."

पपांनी फोन उलटा केला, सुलटा केला, एकदा कानाला लावून बघितला. म्हणतात, "येवडा भारी फोन, आन त्यात आई नाय? मंग ती अमेरिकेतली मानसं ऐकतात तरी काय गं?"