राखी बांधली कायले?

(देवरी रस्त्यावरचा एक फाटा. सकाळ. सिमेंटच्या बाकावर बी.एस्सी.ला शिकणारी भूमिका आणि तिची आत्या शामकला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बकाराम नावाचा एक म्हातारा, मांडीवर पिशवी. तिघंही बसची वाट बघताहेत.)

भूमिका : आत्याबाई, आमचे प्राचार्य असे हसत नाहीत.

शामकला : मग कसे हसतात?

भूमिका : हसतच नाहीत. चष्मा काढतात आणि रुमालानं पुसत बसतात.

शामकला : हे आधी नाही का सांगायचं? समोरच्याचं हत्यार माहीत नसल्यावर सोंग कसं घेऊ मी? हं, हा काढला चष्मा. "या, कुमारी भूमिका. बसा. चहा घेणार?"

भूमिका : नको, सर.

शामकला : "तुमची तक्रार वाचली. अक्षर फार सुंदर आहे तुमचं."

भूमिका : असं ते खरंच म्हणाले होते.

शामकला : माहीत आहे. तूच सांगितलं. आता थांबू नको, पुढं बोल.

भूमिका : महोदय, आमची शैक्षणिक सहल बोदलकसा येथे गेली असता, परतीच्या प्रवासात तृतीय वर्षाचा विद्यार्थी हेमेंद्र याने माझ्याशी असभ्य व अशोभनीय वर्तन केले.

शामकला : कुठं केलं?

भूमिका : बसमध्ये.

शामकला : बसमध्ये केलं ते समजलं. तुझ्या अंगावर कुठं केलं?

भूमिका : आत्याबाई, हळू. ते बाबा ऐकून राहिले.

बकाराम : मी नाही ऐकून राह्यलो, बाई. मी बस पाहून राह्यलो.

शामकला : ऐका की, बाबा. ऐकणारा असला तर बोलणाऱ्याला जोर येते. आणि तू, तिथं समितीचे पाच जण बसले राहतील टेबलाच्या पलीकडं. इथं एका म्हाताऱ्यापुढं तोंड उघडत नाही तर तिथं काय उघडशील? कुठं केलं?

भूमिका : कमरेला. मागच्या सीटवरून हात घातला. मी पुढं सरकले. त्यानं परत घातला. मी उठून उभी राहिले, तर म्हणाला, बस ना, गाडी खड्ड्यात गेली तर पडशील. मग मी कॉलेजपर्यंत उभीच आले.

शामकला : हां. हे ऐकू आलं. अशोभनीय वगैरे काही ऐकू नव्हतं आलं.

बकाराम : काय हो बाई, हे नाटक मंडईच्या जत्रेत होनार हाये का?

शामकला : आजच आहे. अकरा वाजता.

बकाराम : दिवसाढवळ्या? दिवसा कोन पाहाते नाटक? थांब थांब. तू शामकला होय ना? त्या नाटकात सासूले इख देनारी?

शामकला : मी नाही दिलं, बाबा. सासूनं मला दिलं.

बकाराम : तेच ते. तुवं मरन लय लांब होतं बा. आमी चहा पिऊन आलो, तरी तू मरूनच राह्यली होती.

शामकला : लोकांनी वन्स मोअर दिला होता, म्हणून परत मेली.

भूमिका : आत्याबाई, बस येईल. आपलं राहून जाईल.

शामकला : येऊ दे. कुठवर आलो? पोरीनं सांगितलं. आता प्राचार्य. "हे पहा, हेमेंद्र चांगल्या घरचा मुलगा आहे. त्याचे काका आपल्या संस्थेवर आहेत."

भूमिका : ते तसं स्पष्ट नाही म्हणाले. काका तिथंच बसले होते. म्हणायची गरज नव्हती.

शामकला : मग तर मला तेही सोंग घ्यावं लागेल. पोट पुढं काढून नुसतं बसायचं.

भूमिका : असेच बसले होते.

बकाराम : मंग काय झालं हापिसात?

शामकला : मग प्राचार्य म्हणाले, पोरांची भांडणं, कशाला वाढवायची. प्यूनला पाठवला बाजारात. प्यून राखी घेऊन आला. म्हणाले, बांध याला, आजपासून हा तुझा भाऊ.

बकाराम : हे बेस केलं मास्तरनं. पोरीनं बांधली?

शामकला : बांधली.

बकाराम : मंग संपलं का नाटक? दोन अंकाचंबी नाही झालं.

भूमिका : संपलं नाही, बाबा. दुसऱ्या दिवसापासून तो आणि त्याचे मित्र कॅन्टीनच्या दारात उभे राहतात. मी दिसले की मनगट पुढं करतात. म्हणतात, बहना, नेग क्या लेगी? ओवाळणी काय पाहिजे म्हणे. आणि परवा जिन्यात त्यानं परत तसंच केलं. वर म्हणाला, भावानं बहिणीला हात लावला तर काय झालं.

बकाराम : असा हाये का तो पोट्टा.

भूमिका : मी सरांकडं गेले, तर म्हणाले, आता काय, समेट झालेला आहे. कागदावर तसं लिहूनही ठेवलं होतं.

शामकला : मग हिनं विद्यापीठाला लिहिलं. विद्यापीठानं कॉलेजला विचारलं, तुमची तक्रार समिती कुठं आहे. तेव्हा या लोकांना समजलं, अशी एक समिती राहते.

भूमिका : आठ दिवसांत समिती केली. भिंतीवर फलकही लावला. तक्रारपेटी लावली.

शामकला : कुठं लावली ते सांग बाबाला.

भूमिका : मुलांच्या बाथरूमशेजारी.

बकाराम : हॅ हॅ हॅ. हे बेस लिवलं हाये बाई. कोनाचं नाटक होय?

शामकला : हिचंच.

भूमिका : आत्याबाई, हसू नका ना. आज परत समेटच निघाला तर दादा टी.सी. काढायला येणार आहे.

शामकला : लोकेंद्रचं काय ऐकते. तो स्वतः अकरावीत दोनदा बसला.

भूमिका : तो रागावून नाही म्हणत. तो म्हणतो, आई गेली, आता तुझ्याकडं कोण बघेल. घरी राहा, परीक्षा बाहेरून दे.

शामकला : आणि तुझे बाबूजी?

भूमिका : बाबूजी म्हणाले, जा. तेवढंच म्हणाले. आई असती तर ती आली असती आज माझ्यासोबत.

शामकला : वहिनी आली असती अन् आधी अख्ख्या समितीला विचारलं असतं, जेवण झालं का तुमचं.

भूमिका : आणि मग नुसती बसून राहिली असती. माझ्याकडं बघत.

शामकला : ते मला नाही जमत, पोरी. मी नुसती बसली की लोक विचारतात, तब्येत बरी नाही का.

भूमिका : तुम्ही आलात ना. बास आहे.

शामकला : मी कायले आली, माहीत आहे? स्टेजवर मी खलनायकाला रोज थोबाडीत मारत होती. तिकीट काढून लोक पाहायला येत. विंगेत अंधारात हात लावणाऱ्याला मात्र एकदाही नाही मारली. विंगेत टाळ्या नसतात. चल, आता समितीच्या मॅडम. "भूमिका, तू त्याला राखी बांधलीस. म्हणजे समेट तुला मान्य होता."

भूमिका : नाही, मॅडम. नियमात लिहिलंय, समेट फक्त मुलीनं स्वतः मागितला तरच होतो. मी मागितला नव्हता.

शामकला : वा. हे पाठ आहे तुझं.

बकाराम : पन बाई, मांगतला नवता, तं राखी बांधली कायले?

शामकला : ऐकलं? हाच प्रश्न येणार. तिथं पहिला हाच येणार. बोल.

भूमिका : तत्कालीन परिस्थितीत माझ्यावर मानसिक दबाव...

बकाराम : कायचा दाब?

शामकला : बाबाला समजलं नाही. म्हणजे मॅडमलाही समजणार नाही. त्या फक्त मान हलवतील.

भूमिका : सर मोठे आहेत, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही.

शामकला : खोटं. तू पाचवीत असताना सरपंचाला नाही म्हटलं होतं. मी होती तिथं.

भूमिका : खरं सांगितलं तर हसतील सगळे.

शामकला : हसू दे. मी लोकांना हसवूनच पोट भरलं.

भूमिका : बस होती.

शामकला : काय?

भूमिका : शेवटची बस होती, आत्याबाई. साडेपाचची. सरांनी मला चारला बोलावलं, आणि हेमेंद्रचे काका आले पाचला. मग प्यून राखी आणायला गेला, तो येऊनच नाही राहिला. आला, तर लहान पोरांची राखी घेऊन आला, लाइटवाली. ती त्याच्या हातात लुकलुकून राहिली होती. मले वाटलं, बस गेली तं बाबूजीले फोन करावा लागन, गाडी घेऊन या मनून. बाबूजी विचारतीन, काऊन उशीर झाला. मंग सारं सांगावं लागन, अन् आईले जाऊन तवा महिनाबी नव्हता झाला. म्हटलं, बांधून टाकतो अन् निंगतो. मनून बांधली. इज्जतीची गोष्ट होती, अन् मी बस पाहून राह्यली होती.

बकाराम : भेटली का बस?

भूमिका : भेटली.

बकाराम : यात हासासारकं काय हाये? मी आपल्या बायकोच्या सख्ख्या भावाच्या लगनात शेवटच्या बसपायी जेवन सोडून आलो होतो. तो अजून बोलत नाही मायासंग. लाडू होते.

शामकला : भूमिका, सरांना माहीत होतं का तुझी बस कितीची ते?

भूमिका : सगळ्यांनाच माहीत असतं. खेड्यावरच्या मुली पाच वाजले की पिशव्या आवरतात.

शामकला : तसं नाही. तेव्हा काही बोलले का ते?

भूमिका : नाही. म्हणजे... थांबा. चष्मा पुसत होते. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, उरका आता, नाहीतर यांची बस जायची. यांची म्हणजे माझी.

शामकला : हे तू मला सांगितलं नव्हतं.

भूमिका : मला आत्ता आठवलं. तेव्हा मला वाटलं होतं, सरांना माझी काळजी आहे.

शामकला : हेमेंद्र कशानं जातो घरी?

भूमिका : मोटरसायकलनं.

शामकला : काका?

भूमिका : कारनं. सर पण कारनं. त्या खोलीत घाई फक्त मला होती.

शामकला : झालं. आता मी मॅडम. "भूमिका, राखी का बांधलीस?"

भूमिका : मॅडम, माझी शेवटची बस साडेपाचला होती. सरांना ते माहीत होतं. त्यांनी घड्याळ बघून तसं म्हटलं. मी बस पकडायला राखी बांधली. समेट करायला नाही.

शामकला : "पण हे तू आधी का नाही सांगितलंस?"

भूमिका : लाज वाटली, मॅडम. आता नाही वाटत.

शामकला : बस. आता एक शब्द वाढवू नको याच्यावर. पाणी पी.

बकाराम : हे चांगलं झालं. मांगच्यापेक्षा हे चांगलं झालं. पन बाई, मले एक सांग. हिनं घरचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, रडू आल्यासारकं झालं हिले. नाटकात कोनी असं करत नाही. हे नाटक नोहोय का?

शामकला : नाही, बाबा.

बकाराम : हापिसातलं सारं खरं होय?

भूमिका : हो.

बकाराम : आन मी तिले बेस केलं म्हनलं. मास्तरनं बेस केलं म्हनलं मी.

शामकला : तुम्हाला काय माहीत होतं.

भूमिका : बाबा, तुम्ही विचारलं ते बरं झालं. मला आजवर कोणी तसं विचारलंच नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, त्यांना माहीत आहे.

शामकला : ती पाहा, आली गाडी. पिशवी घे. बाबा, उठा, हात द्या इकडं.

बकाराम : थांब, पोरी. माह्या नातीचं नाव ओमेश्वरी हाये. बारावीले हाये ती. पुढल्या साली तिले त्याच कालेजात टाकाव म्हनत होतो आमी, तेच जवळ पडते. तिचीबी तेच बस राहीन. टाकू का नको?

शामकला : अरे बाबा, कंडक्टर घंटी मारून राहिला.

बकाराम : मारू दे. टाकू का नको, थे सांग.

भूमिका : टाका, बाबा. मी राहीन तिथं.