शेवटच्या फेरीत मागे पडणारी

रक्त तपासणीच्या खोलीबाहेर मी नंबरची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक वडील बसले होते; त्यांची शर्यतीत धावणारी मुलगी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून नुकतीच त्यांच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, लोह पार तळाला गेलंय."

"पण तू तर पोटभर जेवतेस!"

"डॉक्टर म्हणाल्या, रोज एवढं पळलं की थोडं घामातून जातं, थोडं पाय आपटून रक्तपेशी फुटतात त्यात जातं. नुसत्या जेवणानं ते भरून निघत नाहीये."

"म्हणजे शेवटच्या फेरीत तू मागे पडायचीस, ते..."

"अंगात त्राणच नसायचं."

"आणि मी सगळ्यांसमोर तुला आळशी म्हणालो."

"तीनदा."

"मोजलंस होय गं?"

"मी तर बूट ताईच्या मुलीला देऊन टाकणार होते. वाटलं, आपल्यातच दम नाही."

"चुकलं माझं, बाळा. मग आता पळणं बंद?"

"छे! दोन महिने गोळ्या घ्यायच्या आणि हळू पळायचं. मग पुन्हा तपासणी."

"हळू म्हणजे किती हळू?"

"तुला सोबत येता येईल इतकं."

"मी? या गुडघ्यांनी?"

"राहू दे मग."

"राहू दे काय? सकाळी किती वाजता निघायचं, ते सांग."