साठ सेकंदांची ओळ

— नाही नाही पाहुणे, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय कधी दगा देईल सांगता येत नाही. ही घ्या. हं, काय म्हणत होतात — कोडमध्ये कुठंतरी मेमरी गळतेय? अहो, सहा आठवडे झाले, मुख्य ऑफिसातून जो येतो तो हेच म्हणतो. तुम्ही तिसरे. पहिल्यांनी कोडची ओळ न् ओळ पिंजून काढली, दुसऱ्यांनी तर मशीनच बदलायला लावली — नवी मशीनही तिसऱ्या दिवशी आडवी! तुम्ही निदान विचारताय तरी. ते दोघं आल्या आल्या सांगायलाच लागले होते.

हे बघा, आमचा रिले म्हणजे नुसता मध्यस्थ. इकडच्याचा आवाज घ्यायचा, तिकडच्याला द्यायचा. बोलणं संपलं की फोन निरोप पाठवतो, मग रिले त्यांची जागा मोकळी करतो. पण माणसं निरोप घेतात कुठं? कोणी लिफ्टमध्ये शिरतं, कोणाची बॅटरी संपते — फोन गेला, निरोप नाहीच. आणि हा बिचारा जागा धरून बसलाय. ही यादी बघा. हा कॉल दोन दिवस चालू आहे. दोन दिवस कोण बोलेल हो? माझी आत्यासुद्धा नाही — आणि आत्या म्हणजे ‘ठेवते हं’ म्हणून पुढं पाऊण तास बोलणारी बाई. असे हजारो साचतात, मेमरी भरते, रिले कोसळतो, आणि मग जे खरंच बोलतायत त्यांचे फोन मध्येच तुटतात.

काय? असे कॉल हाकलायला काही नियम असेलच? — हुशार आहात की! चेहऱ्यावरून वाटलं नव्हतं. होता ना नियम. साठ सेकंद दोन्हीकडून आवाज आला नाही की कॉल तोडायचा. एकच ओळ. आठ वर्षांपूर्वी मी लिहिली, आणि काय मिरवले होते तेव्हा! आता तिथं शून्य आहे. शून्य म्हणजे कधीच तोडायचा नाही. कोणी केलं? अहो, असे डोळे वटारू नका, मीच केलं.

सांगते. अहवालात माझं नाव घाला, ताईचं मात्र काही लिहायचं नाही. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आई तिच्याकडे असते. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला — आमच्याच कंपनीच्या फोनसेवेवरून, मीच तिला बसवून दिली होती, केवढ्या कौतुकानं! म्हणाली, ‘मला आता झेपत नाही गं, आईला तुझ्याकडे नेशील?’ आणि गप्प. ताई रडते ती आवाज न करता, लहानपणापासून. मीही गप्प — कारण मी मनात खोली लावत होते! कपाट कुठं सरकवायचं, पलंग कुठं, बाथरूममध्ये धरायला दांडी — आणि कॉल तुटला. मला वाटलं, बाईसाहेबांना जरा धीर नाही, आपटला फोन. तिला वाटलं, धाकटीनं उत्तर दिलं — फोन ठेवून. मग काय, दोघी हट्टाला सारख्याच! तिनं आधी करावा, नाही तिनं आधी करावा — दोन वर्षं. आणि आई तिथंच, आणि ताईला झेपत नाहीच.

सहा आठवड्यांपूर्वी दुसरंच काही शोधताना जुन्या नोंदीत तो कॉल दिसला, तारीख-वेळेवरून ओळखला. शेवटी कारण लिहिलेलं असतं ना — तिथं निरोप नव्हता. ‘शांतता, साठ सेकंद.’ आम्ही दोघींनी ठेवलाच नव्हता हो! माझ्या ओळीनं तोडला. इतकी लाज वाटली, इतका राग आला स्वतःचा — तिथल्या तिथं शून्य टाकलं. फक्त ताईपुरतं करायचं होतं, पण रिलेला कुठली ताई आणि कुठली माई? त्याला नंबर कळत नाहीत. सगळ्यांनाच लागू झालं.

मग लावला ताईला. तिनं उचलला. आता एवढंच म्हणायचं, की चूक माझी होती. तेवढंच जमेना. तीही गप्प. दीड तास! दर गुरुवारी हेच, मी लावते, ती उचलते, दोघी मुक्या. हसू नका, तुम्हाला बहीण असती तर कळलं असतं. आज गुरुवारच आहे. साठ परत टाकायचेत, कळतं मला, लोकांचे फोन तुटतायत — फक्त जेवणानंतर टाका, एवढंच म्हणते.

काय टोचताय बोटानं? हा आज सकाळचा? — हो, याच खोलीतला, ताईलाच लावलाय. फोन तो काय, कीबोर्डमागं उताणा पडलाय. तुम्ही आलात म्हणून माझी बाजू बंद केलीय मी, म्यूट. — म्हणजे? माझ्या बाजूनं किती आवाज गेला तो आकडा वाढतोय? छे, म्यूट असेल तर — मी बोलतेय तेव्हा वाढतो? आणि थांबले की — एक, दोन, तीन — अगं बाई! म्हणजे मघापासून मी जे जे बडबडले ते सगळं —

श्वाससुद्धा घेऊ नका. तिकडचा आकडा बघा. सकाळपासून हलला नव्हता ना? आता चार. अकरा. तीस —

ताई? — हो. हो गं. तेव्हाही हो म्हणणार होते. — नको, तू नको आणूस, मीच येते आईला न्यायला. — रडू नकोस ना. बरं, रड, पण आवाज करून रड.

पाहुणे, उठा आता. तुमचं काय ते बाहेर बसून करा. आणि जाताना दार ओढून घ्या.