शून्य पॉइंट सात नऊ

पद्मजा: भाऊजी, भर दुपारी चारही ट्यूबलाइटी चालू? बंद करू का?

प्रतापराव: राहू दे. मला असंच ठीक वाटतं. तू पार अन्नपूर्णा रोडहून एवढ्या धूपमध्ये आलीस, काय झालं वो बोल.

पद्मजा: क्षितिजाच्या कॉलेजात काल प्रॅक्टिकल होतं. वेगवेगळ्या अल्कोहोलची घनता मोजायची. घरी येऊन म्हणाली, आई, इथेनॉल शून्य पॉइंट सात आठ नऊ आणि मिथेनॉल सात नऊ दोन. एक दारूतलं, दुसरं आधी डोळे नि मग जीव घेणारं विष, आणि फरक बघ केवढासा.

प्रतापराव: बरोबर बोलली पोरगी.

पद्मजा: तुम्ही तीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये होतात. लॉकडाऊनमध्ये आम्ही इथेच वरच्या मजल्यावर राहायचो, तेव्हा एका संध्याकाळी नीरज हसत वर आला. म्हणाला, दादाने पास केलीये. काय पास केली, ते मी विचारलंच नाही.

प्रतापराव: पद्मजा, पाणी पी पहले.

पद्मजा: तुमची ती घनता मोजायची नळी, हायड्रोमीटर, कुठंय?

प्रतापराव: फोडला मी. नीरज गेला त्याच हफ्त्यात. ...सॅनिटायझर भरणाऱ्या दोस्ताकडून त्याने बाटली आणली होती. दादा, चेक करून दे ना, बोलला. मी नळी सोडली, बराबर सात नऊवर तरंगली. बोललो, एकदम शुद्ध है भिया, पाणी घालून पी.

पद्मजा: आणि मिथेनॉल असेल तर?

प्रतापराव: तेही तिथेच तरंगतं. मला माहीत होतं गं! पोरांना दर साली सांगायचो. त्या दिवशी ध्यानातच आलं नाही. भावासमोर हुशारी दाखवत होतो.

पद्मजा: मग?

प्रतापराव: दुसऱ्या दिवशी दुपारी इथेच बसला होता. बाहेर लख्ख ऊन. मला विचारलं, "दादा, लाइट गेली का?" मी बोललो, "हां रे, गेली. येईल अभी." रोज या टायमाला त्याचा आवाज येतो मला. म्हणून लाइटी लावून बसतो.

पद्मजा: भांडणात त्याची बाटली मी मोरीत ओतली होती. दुकानं बंद, म्हणून त्याला दुसरी शोधावी लागली. मीच मारलं त्याला, असं सगळ्यांसमोर रडत सांगायचे मी. इतकी वर्षं. तुम्ही शेजारी बसलेले असायचात.

प्रतापराव: हो.

पद्मजा: एकदाही ‘तू नाही मारलंस’ म्हणाला नाहीत?

प्रतापराव: तू तसं बोलायचीस ना, तेव्हा मला हलकं वाटायचं. तेवढा वेळ त्याचा आवाज बंद असायचा.

(बटणांचे खटके. एकामागून एक, चार.)

प्रतापराव: पद्मजा? ...लाइट गेली का?

पद्मजा: नाही, भाऊजी. मी बंद केली. भर दुपार आहे, सगळं दिसतंय.