मशीन चालू होती म्हना

— नाई, तो मोबाइल आधी खाली ठेवा, साहेब. काठीवरून काढा त्याले अन् ठेवा तिकडं. बोलायचं असन तं माह्या तोंडाकडं पाहून बोला, मंग पाहू तुमचा व्हिडिओ-फिडिओ. अन् हे पेढे कायले आनले? कोनाचं बारसं हाये आमच्या घरी? राहू द्या, राहू द्या, बांधून ठेवा, मुंग्या लागतीन. बसा. परवा याच बाजीवर तुमी अन् तुमचे ते दोस्त — शिवम का काय नाव त्यायचं — दोघं बसले होते, तवा तं चांगले पाय पसरून बसले होते. आज काऊन असे कडेले टेकले? बाज तीच हाये.

तं काय म्हनायचं मले? सांगा पुन्हा एकदा. 'मी जनकाबाई, हे माह्यं वावर, परवा दुपारी हर्षल साहेबाचं विमान इथं उतरलं तवा माह्या धुऱ्यावरची झटका मशीन चालू होती.' एवढंच ना? अन् बाकीचं तुमी बोलनार — का त्या मशीननं तुमच्या विमानाचा रेडिओ खराब केला, कानात नुसती टक टक, खालून कोन काय सांगून राह्यलं ते आयकूच येईना, म्हनून बिचारे तुमी वावरात उतरले. म्हनजे चौकशीत लायसन बी वाचते अन् चॅनेलवर व्हिडिओ बी होते. एका दगडात दोन पाखरं. हुशार हा, नाई म्हनत नाई मी. परवा तुमाले झटका मशीन म्हनजे काय हेच माहीत नव्हतं. तारेकडं पाहून शिवम इचारत होता, 'ये क्या है आंटी, करंट है क्या' — अन् मीच सांगतलं, का बाप्पा हे डुकरासाठी हाये, रोह्यासाठी हाये, डब्यातून तारेत झटका सुटते, जनावर मरत नाई, नुसतं बोंबलत पयते. अन् मीच म्हनलं, का वावरात रेडिओ लावला तं त्याच्यात बी टक टक येते हिची. तवा तुमी दोघायनं एकमेकाकडं पाह्यलं. पाह्यलं का नाई? मले वाटलं, खेड्यातल्या बाईले हसून राह्यले. आता समजलं काऊन पाह्यलं ते. माह्याच तोंडातला घास काढून माह्याच तोंडात घालाले आले तुमी.

थांबा. — नाई, नाई वाजला. मले सारखं वाटते फोन वाजला म्हनून. वाजला तं मी मधातच उठन बरं, मंग तुमचं काही का चालू असेना. मालकाचा येते याच टायमाले, मुंबईहून... नाई हो, त्यायले कायची मुंबईत नोकरी, सारा जनम वरवट बकालच्या बाहेर दोनदा गेले असतीन. ते हॉटेलात हायेत तिकडं. कंपनीनं ठेवलं — त्या विमानातल्या मानसायच्या घरच्या लोकायले एका जागी ठेवलं ना... हाव. तेच विमान. समुद्रावर गेलं अन् दिसेनासं झालं ते. ज्याचा तुमी दोघं परवा इथं बसून निकाल लावत होते. माह्यी मयुरी हाये त्याच्यात. नाई, पॅसिंजर नाई, नोकरीवर हाये. बसा. बसा म्हनते ना, आता उभं राहून काय होते. मी सांगनार नव्हती तुमाले, निंगून गेलं तोंडातून.

परवा काऊन नाई सांगतलं? काऊन सांगू? तुमी इचारलं का, का बाई घरात कोन हाये, कोन नाई? वावरात आभायातून दोन मानसं उतरली, हरभऱ्याच्या दोन रांगा चाक फिरवून सपाट केल्या, तरी मी म्हनलं जिवानिशी वाचले ना, बस झालं. पानी देल्लं. चहा मांडला. अन् विमान न्याले तिकडून ट्रक येईपर्यंत तुमी दोघं काय बोलत बसले? मी दारात चहा गायत होती, हातभर अंतर. तुमाले वाटलं असन, हिले काय समजते. शिवम म्हने — 'कुणाचा तरी फोन चालू राहिला असेल. त्यानं रेडिओत खरखर, पायलटला काही ऐकू आलं नसेल. आणि ती हवाईसुंदरी बसली असेल लिपस्टिक लावत, फोन बंद करायला सांगणार कोण.' अन् हसले. तुमी बी हसले, साहेब. नाई म्हनू नका, मी पाह्यलं.

माह्यी पोट्टी नं, नोकरी लागाच्या आधी या धुऱ्यावर उभी राहून शिकत होती सारं. बकऱ्या समोर, अन् ही हात असे लांब करून दाखवते — दरवाजा इकडं, दरवाजा तिकडं, पट्टा असा लावा. इंग्रजीत एकदा, हिंदीत एकदा. गावातले पोट्टे म्हनत, जनकाबाईची लेक विमानात चहा वाटते. तिनं इथं येऊन सांगतलं त्यायले, का चहा मंग वाटते मी, आधी तुमच्यासारख्यायचे मोबाइल बंद करून घेते. लोकं साहेब असो का शेठ असो, मी डोक्यावर उभी राह्यते तवा बंद करतेत. निम्मी नोकरी तेच म्हने, मोबाइल बंद करा, मोबाइल बंद करा. अन् तुमी इथं, तिच्या घरी, तिच्या मायच्या हातचा चहा घेऊन म्हन्ता लिपस्टिक. मले शिसारी आली साहेब. खोटं कायले बोलू. तुमचे कप मी दोनदा राखेनं घासले. गावातली ते रुक्मिणीबाई आली भेटाले तं रडाच्या तयारीनंच आली, पदर आधीच हातात — तिची बी शिसारी आली मले, पन ते तरी मयुरीले वयखते. तुमाले तं नाव बी माहीत नाई अन् चॅनेलवर रोज नवा अंदाज. मेल्याच्या टायूवरचं लोनी खा — नाई. ते नाई म्हनत मी. मेलं नाई कोनी. चुकून आलं तोंडात. पेढे सरकवा तिकडं, वास येऊन राह्यला त्यायचा.

अन् पैज. पैज बी लावली तुमी. हरन त्यानं पार्टी द्याची. शिवम म्हने समुद्रातच गेलं, लिहून घे. अन् तुमी — आठवते का तुमी काय म्हनले? तुमी म्हनले, नाई रे, रेडिओ गेला म्हनजे विमान गेलं असं थोडीच हाये. रेडिओ बंद पडला की पायलट दिसन तिथं उतरवते, एखांद्या बेटावर असन, जुन्या धावपट्टीवर असन, सांगाले साधन नाई म्हनून पत्ता नाई. अन् वावराकडं हात करून म्हनले, 'आपलंच बघ ना. रेडिओ गेला, उतरलोच की नाही आपण? चहा पितोय की नाही?' तुमी पैज जिंकासाठी म्हनले असान. पन माह्या हातातली चहाची गायनी तिथंच थांबली. म्या पाह्यलं तुमच्या विमानाकडं. हरभऱ्यात बसलं होतं, पंख शाबूत, काच शाबूत, अन् मानसं बाजीवर. म्या म्हनलं, होते तं असं. डोयानं पाहून राह्यली ना मी, होते असं. मयुरी बी बसली असन कोनाच्या बाजीवर. कोनी देल्ला असन तिले चहा.

मंग संध्याकायी मालकाचा फोन आला तवा सांगतलं म्या. का दोन विमानवाले आपल्या वावरात उतरले, पुन्याचे, शिकलेले, त्यायचाच रेडिओ गेलता, ते म्हन्तेत असं होते. आमचे मालक — जानराव नाव त्यायचं — तिकडं गेल्यापासून हाव अन् नाई याच्यापुढं बोलत नव्हते. त्या दिवशी बोलले. त्यायनं हॉटेलातल्या साऱ्यायले सांगतलं म्हने. तिथं एक बाई हाये, तिचा पोरगा पॅसिंजर, लग्नाले निंगाला होता. ते अन्नाले शिवत नव्हती, तिनं वरनभात खाल्ला. विहारात रोज वंदना घेतेत मयुरीसाठी, तिथं बी म्या हेच सांगतलं. आयकता ना? तुमी पैजेत बोलले, त्याच्यावर ते सारे लोकं जेवून राह्यले, साहेब.

म्हनून आज तुमची गाडी धुऱ्यावर दिसली तं मले बरं वाटलं. म्हनलं, पुन्हा इचारू, नीट इचारू. अन् तुमी काय आनलं, तं पेढे अन् हे — 'मशीन चालू होती म्हना.'

अवो, मशीन बंद होती.

बंद म्हनजे बंदच. तुमी डबा पाह्यला, तारा पाह्यल्या. डब्यात बॅटरी कुठं हाये? हे पाहा, इथं हाये, माह्या चुलीजवय, अन् तिची सोलर प्लेट वर टिनावर. डीपी जयाली ना आमची, वावरात लाइट नाई तवापासून. अन् फोन मरू द्याचा नाई मले. गावात देऊन ठेवला चार्जिंगले, अन् तेवढ्यात वाजला तं? म्हनून ज्या दिवशी मयुरीचं आयकलं त्याच दिवशी बॅटरी काढून आनली मी. डुकरं रोज येऊन राह्यले, निम्मा हरभरा लोयवला त्यायनं, घाट्यावर आलेला. खाऊ द्या म्हनलं. हरभरा पुढच्या साली येईन. तं मशीन बंद होती, मंग तुमच्या रेडिओत टक टक कोन करत होतं?

म्हना आता. मी काही शिकलेली नाई, मले रेडिओतलं समजत नाई. दुसऱ्या कशानं गेला असन, तं तसं सांगा. दुसऱ्याच्या वावरातल्या मशीननं, टावरनं, तुमच्याच खिशातल्या मोबाइलनं — कशानं बी. मले कशाचंच काही नाई. गेलता एवढंच सांगा. मी तुमाले कॅमेऱ्यात पाहिजे ते म्हनून देते. मशीन चालू होती म्हन्ते, दोन होत्या म्हन्ते, चूक माह्यी होती म्हन्ते, येऊ द्या चौकशीवाल्यायले, मी पाहून घेईन. पन आता कॅमेरा बंद हाये, इथं कोनी नाई, मले खरं सांग बाबू. तू माह्या मयुरीपेक्षा दोनचार वर्षानं मोठा असशीन. सांग. गेलता ना रेडिओ?

असा खाली नोको पाहू.

म्हनजे गेला नव्हता.

मंग काऊन उतरला? ... मान नोको हलवू, तोंडानं सांग. परवा चहा घेताना तूच सांगत होता, का लोनारच्या सरोवरावर घिरट्या घातल्या, उजेड चांगला होता, व्हिडिओ काही मनासारखा येईना, पुन्हा फिरलो, पुन्हा फिरलो... पेट्रोल? पेट्रोल संपलं? काटा पाह्यला नाई. अन् रेडिओ चांगला होता सारा वेय. बोलत होता त्याच्यावर. शिवमले बी माहीत होतं अन् तुले बी माहीत होतं, अन् तरी इथं बसून, चौकशीत सांगाचं तेच घोटत, म्हने 'आपलंच बघ ना'.

नाई, माफी नोको मागू. तुह्या माफीचं मी काय करू? तुले समजते का, तू काय नेलं माह्यं? रेडिओ बंद पडून सुखरूप उतरलं असं एकच विमान मले माहीत होतं या दुनियेत. ते माह्या हरभऱ्यात होतं. आता ते बी नाई राह्यलं.

थांब. वाजला. हा खराच वाजला. बस तिथंच, हलू नोको.

— हॅलो. हाव, मीच. जेवले का तुमी? ... मी बी जेवली. काही नवीन? ... बरं. ... बरं. ... कोन, तो विमानवाला पोट्टा? हाव, आलता. आलता काय, समोरच बसला हाये. ... इचारलं ना, नीट इचारलं. ... हाव, रेडिओच गेलता त्याचा. पुरा बंद. काहीच आयकू येत नव्हतं म्हने, तरी उतरवलं त्यानं, खरोच बी नाई आली कोनाले. ... पक्कं. त्याच्या तोंडून आयकलं. सांगा त्या बाईले. दोन घास खा म्हना. ... तुमी बी खा. ठेवते.

पाहू नोको असा माह्याकडं. मले माहीत हाये काय झालं ते. एकाच मायेचे मनी झालो आपन, तू अन् मी, अन् मले माह्यीच शिसारी येऊन राह्यली आता. — नाई. मोबाइल उचल तुहा, पन चालू नोको करू. ते त्यायच्यासाठी बोलली मी. तुह्यासाठी नाई बोलत. जाय.