पहिल्या नळाचं पाणी

न्हाई साहेब, ती बाटली आधी खाली ठेवा, चहा घ्या — व्हय, ठाऊक हाय मला, दर बारीला आमच्याच नळाचं पानी तालुक्याला जातं तपासायला, टाकीच्या बुडाशी पयलाच नळ आमचा, तुमच्या आधी यायचे ते बी जंतू मरावं म्हून कापूस पेटवून हीच तोटी भाजायचे — बघा की, काळी पडलीय — आन मला बी बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू, समद्या गावाच्या पान्याची परीक्षा आमच्या दारात. मी ओटा घासून ठेवायची. पास व्हायचं पानी. न व्हायला काय झालं? टाकीतनं सुटलं की सरळ तुमच्या बाटलीत.

प्या प्या, बिनघोर प्या, जारच्या पान्याचा चहा हाय. आमी नळाचं पीत न्हाई — असं काय बघता? आमचा गहिनीनाथ, माझा पोरगा, पंचायतीत पान्याकडं असतो, टाकी भरायची, पावडर टाकायची, पानी सोडायचं, समदं त्याच्याकडं. त्योच आनतो जार. मी म्हनलं, अरं, गावाला तू पाजतोस त्ये आपल्याला का चालंना? तर म्हनला, आई, तुला काय कळतंय त्यातलं. कळतंय की. खालच्या आळीला जानारा पाईप गटारातनं गेलाय, सांध्यावर फुटलाय, पानी बंद झालं की गटारातली घान आत वढून घेतो — हे पंचायतीत कुनाला ठाऊक न्हाई? पर रस्ता उकरावा लागंल, आन सरपंचानं आत्ताच तर वरनं सिमेंट केलंय, मग कोन हात लावतंय. आन पावडर म्हनाल तर ती तुमी येनार असला की आदल्या दिशी पडती, एरवी — जाऊ द्या. बोलायच्या नादात बोलले. चहा गार व्हतोय तुमचा.

खालच्या आळीला आमचं कोन? माझी लेक हाय तिथं, सुकन्या. गावातच दिली, म्हनलं डोळ्याम्होरं राहील. पोटुशी हाय, सातवा सरत आलाय. आळीत काविळीनं घरंच्या घरं झोपली, आन एक दिस हिचे डोळे पिवळे. त्याच्या आधीच भावाला म्हनली हुती, दादा, मला बी एक जार टाकत जा. त्यो न्हाई म्हनला. पैशापायी न्हाई हं — लई जीव हाय त्याचा बहिनीवर, तिच्या लग्नात मांडवामागं जाऊन रडला हुता — पर म्हनला, पानी सोडनाऱ्याच्याच बहिनीच्या दारात जार उतरला, तर उद्या आळी मला इचारंल, नळाच्या पान्याला काय झालंय. म्हून न्हाई दिला. आता तुमीच सांगा, ह्याला काय म्हनावं? मी आई हाय त्याची, मला शिवी बी देता येईना.

नगरला दवाखान्यात नेली, तर डॉक्टरीनबाईनं पयलं हेच इचारलं, पानी कुठलं पिता? आन माझा पोरगा बहिनीच्या उशाशी हुबा राहून म्हनतो, आमच्या गावाला हिरवं कार्ड हाय, म्याडम. सरकार चांगल्या पान्याला देतं ना हिरवं, वाईटाला लाल — आमच्या पंचायतीनं फ्रेम करून लावलंय भिताडाला. सुकन्या नुसती त्याच्याकडं बघत राहिली, आन ह्यो खिडकीभायेर. अजून तिथंच हाय ती. कालपसून पोटातलं हालंना झालंय म्हनती. मी डबा न्यायला आले हुते, आन दारात तुमी बाटली घेऊन हुबे.

म्हून म्हनते, माझ्या नळाचं आज न्हाई मिळनार. मारुतीच्या देवळामागं तिचं घर हाय, कुलूप दिसंल, नळ अंगनात हाय. ती तोटी भाजा, तिथलं भरा. आज पास झालं तर परत या, कुनाला न सांगता या. — पोराची नोकरी जाईल? जाईल की. मला कळत न्हाई व्हय? त्याच्यावरच चूल पेटती आमची. तुमच्या वरच्या साहेबानं इचारलं कोन म्हनलं, तर माझं नाव सांगा, लंकाबाई म्हनावं. गहिनीनाथची आई — न्हाई, तसं नका म्हनू. सुकन्याची आई म्हनली, असं सांगा. जावा आता.