मोकळ्या माळाची चिठ्ठी

—तर बस म्हनतोय, बनाबाई, उभी ऱ्हाऊ नको. बेदाना निवडायचा ऱ्हाऊ दे आज. बाकीच्या बायकांना मीच घरी लावून दिलंय, तुझ्यासंगं बोलायचं हुतं. कशाचं म्हनून काय इचारतीस? साऱ्या गावाला ठावं हाय. उद्या माझ्या ह्या शेडवर मतदान हाय. मोजणीवाला आला, मशीन लावलं आन् सांगून गेला — आप्पासो, तुमचं अर्धं शेड गावच्या माळावर हाय. इतकी वरसं उभं हाय, तवा कुनाला दिसलं न्हाई, आता दिसलं. आन् माळावर काय बी ठेवायचं तर गावाची चिठ्ठी पायजे, तसा ठराव हाय. कुनी केला? मीच केला की. सरपंच हुतो मी.

तुझ्या मालकासाठी, सोपानसाठी केला. आता तुझ्यापासनं लपवून काय करायचं? मिलिटरीतनं पेन्शनवर आला आन् त्यानं डोक्यात घेतलं — माळाच्या कडंला अभ्यासिका बांधायची, पोरं वाचत बसतील. जोतं बी घातलं सवताच्या हातानं, नावाची कोनशिला बसवली. बौद्धवस्तीची पोरं तर जायचीच, पन आमची बी जायला लागली त्याच्याकडं — माझी नात समीक्षा सुद्धा, गनितं शिकायला. घरी येऊन मलाच सांगती, आप्पा, फौजीआजोबांना लय येतं. त्याच दिवशी ठरीवलं मी. वाईट मानूस हुता असं न्हाई म्हनत, वाईट असता तर सोपं गेलं असतं. पन गावच्या माळावर पैलं नाव तुमच्यातल्याचं लागनार — ते मला बघवलं न्हाई. झालं.

मग ठराव आनला. माळ मोकळा ऱ्हायला पायजे, गुरं फिरली पायजेत, पोरं खेळली पायजेत — ह्याला कोन नगं म्हननार? माळावरचं बांधकाम, जुनं असो नवं असो, गावानं मत दिलं तरच ऱ्हानार. 'जुनं असो' हे मी माझ्या हातानं लिवलं, त्याचं जोतं सुटू नये म्हनून. तवा कुठं ठावं हुतं माझंच शेड त्यात घावंल म्हनून. सोपानच्या जोत्यावर मत घ्यायचं आलं तवा मानसं म्हनत हुती, हात वर करून घ्या. मी म्हनलं, न्हाई, दारूबंदीला बायकांनी घेतलं तसं चिठ्ठीनं, पेटीतच. का? आगं, त्याच्या तोंडाम्होरं एकानं बी हात वर केला नसता. त्याच्या घरचा चहा प्यालेली मानसं ती. पेटीकडं जाताजाता त्याला सांगत हुती — जयहिंद फौजी, काळजी करू नका, आमी हाय. आन् पेटी उघडली तर वस्ती सोडून दहा चिठ्ठ्या बी त्याच्या बाजूनं न्हवत्या. तो तिथंच उभा हुता. एकेकाचं तोंड बघत हुता, कुनी काय टाकलं ते हुडकत. मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू. त्यानंतर त्यानं कुनाचा जयहिंद घेतला न्हाई. दोन वरसांत गेला.

रडतीस व्हय? न्हाई? बरं हाय.

आता माझी पाळी. आन् बघ की, सकाळधरनं कोंडीबा येऊन गेला, मनुबाई येऊन गेली, पावन्यारावळ्यातली चार टाळकी येऊन गेली, समद्यांचं एकच — आप्पासो, काळजी करू नका, आमी हाय. हसून सांगत्यात. त्येच बोलनं, त्येच हसनं. मला भाकरी गिळंना झालीया. म्हनून बोलावलं तुला. वस्तीची साठ-पासष्ट मतं तुझ्या शब्दावर हलत्यात, ती माझ्या बाजूनं पडू देत. शेड वाचलं की अभ्यासिकेला जागा मीच मागतो गावाकडं. सोपानचं नाव बी लावू. नवा दगड करायला नगं, त्याच्या नावाची कोनशिला जशीच्या तशी हाय. जोतं उकरलं तवा फेकली न्हाई मी. चांगला घडीव दगड, फेकतोय कशाला — ती काय, दाराला पायरी केलीया. अक्षरं खाली हायत, कुनाला दिसत न्हाईत. तू तर रोज त्याच्यावरनंच —

हां. तसं बघू नको माझ्याकडं. पालथा हाय म्हनलं ना.

उठलीस का? बोल की काय तरी. व्हय म्हन, न्हाईतर न्हाई म्हन, मला कळूंदे तरी. पायरीपाशी का थांबलीस? चप्पल कशाला काढतीस आता, दगडच हाय त्यो. बनाबाई, चिठ्ठी कुनाच्या बाजूनं टाकनार तेवडं सांगून जा — आन् हसतीस कशाला? काय म्हनलीस? परत म्हन.

काळजी करू नका?

— जा तू. जा म्हनलं ना. दार वढून घे.